डॉ. हेन्री कार्टर: मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात परजीवी पाहणारा डॉक्टर

भाद्रपदात गणपती बसले की गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांतल्या अनेक मंडळांच्या मांडवाशेजारी रक्तदान शिबिरे भरतात. २०२० मध्ये कोरोनामुळे लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, तेव्हाही तिथे रक्तदान आणि प्लाझ्मादान झाले. तुम्ही अशा शिबिरात कधी रक्त दिले असेल, तर आधी भरून घेतलेला अर्ज आठवा. वजन, वय, कावीळ, औषधे, शस्त्रक्रिया अशा प्रश्नांत एक प्रश्न मलेरियाचा असतो. मलेरिया झाला होता का, आणि झाला असेल तर कधी?

मागे रांग असते, मित्र थांबलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा घाईत उरकला जातो. पण त्याचे खरे उत्तर परळच्या एखाद्या वॉर्डात रक्ताची वाट पाहणाऱ्या लहान मुलासाठी फार महत्त्वाचे असते. ते का, हे समजून घेण्यासाठी आज एका डॉक्टरची गोष्ट वाचूया. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी त्यांना चित्रकार म्हणून ओळखतात. त्यांचे वैद्यकीय काम मात्र आपल्या भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात झाले, आणि ते मुख्यतः रक्ताशी संबंधित होते.

चित्रकाराच्या घरातला मुलगा

हेन्री व्हँडाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. वडील जलरंगात निसर्गचित्रे काढणारे चित्रकार होते. मुलाच्या नावातला व्हँडाइक हा शब्द एका जुन्या नामवंत चित्रकाराच्या नावावरून घेतलेला होता. घरातच शिक्षण मिळाल्यामुळे हेन्रीचा हात लहानपणीच बसला, पण त्यांनी पेशा डॉक्टरीचा निवडला आणि लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शिकायला सुरुवात केली.

तिथे त्यांची गाठ हेन्री ग्रे या शरीररचनेच्या शिक्षकाशी पडली. ग्रे यांनी प्लीहेवर, म्हणजे आपण जिला पांथरी म्हणतो त्या अवयवावर, संशोधन केले होते. त्या कामासाठी कार्टर यांनी चित्रे काढली. पांथरीचे नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

त्यानंतर १८५६ आणि १८५७ या दोन वर्षांत दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. ग्रे यांनी मजकूर लिहिला आणि कार्टर यांनी चित्रे काढली. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात ३६३ आकृत्या होत्या. तेच आजचे ‘ग्रेज ॲनाटॉमी’. कार्टर यांनी अवयवांची नावे चित्रातल्या त्या त्या भागावरच लिहिली, त्यामुळे विद्यार्थ्याला आकडे पाहून खालची यादी धुंडाळावी लागत नसे. तुमच्या घरात किंवा इमारतीत कोणी वैद्यकीय शिक्षण घेत असेल, तर या पुस्तकाचे नाव त्यांना नक्की माहीत असेल. कार्टर हे नाव माहीत असेलच असे नाही. पुस्तक ग्रे यांच्या नावाने ओळखले गेले. विक्रीतला वाटा ग्रे यांना मिळाला, कार्टर यांना एकरकमी मानधन. पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हतेही. ते मुंबईत आले होते.

मुंबई आणि सातारा

१८५८ मध्ये कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया शिकवू लागले. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय दोन्ही १८४५ मध्ये सुरू झालेले. डॉ. भाऊ दाजी लाड हे इथल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक.

चित्रकाराची नजर आणि सूक्ष्मदर्शक हे दोन्ही कार्टर यांच्यापाशी होते. शेतात अनवाणी काम करणाऱ्या लोकांच्या पायाला एक आजार होतो. पाय सुजतो, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून बारीक कण बाहेर येतात. त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टर यांनी ते कण तपासले, त्यांत बुरशी दाखवली आणि १८६० मध्ये या आजाराला मायसेटोमा हे नाव दिले. आजही आम्ही डॉक्टर तेच नाव वापरतो.

१८६३ ते १८७२ ही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. त्या काळात आणि नंतर त्यांनी कुष्ठरोगाचा बारकाईने अभ्यास केला. रजेवर युरोपात गेले, तेव्हा मुद्दाम नॉर्वेला जाऊन तिथले कुष्ठरोगाचे काम पाहून आले. कुष्ठरोग हा पापाचे फळ किंवा नुसता आनुवंशिक दोष मानण्याचा तो काळ. नॉर्वेत १८७३ मध्ये हॅन्सन यांना रोग्यांच्या ऊतींत जंतू दिसले होते. आजार नेमका कोणत्या जिवंत गोष्टीमुळे होतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्टर यांचे समाधान होत नसे.

त्यांचे घरगुती आयुष्य सुखाचे नव्हते. मुंबईत झालेले पहिले लग्न मोडले आणि पुढची कितीतरी वर्षे ते एकटेच राहिले. पण काम थांबले नाही.

दुष्काळ आणि उलटून येणारा ताप

१८७६ मध्ये दख्खनेत पाऊस पडला नाही. पुढची दोन वर्षे दुष्काळाची गेली. गावेच्या गावे रिकामी झाली आणि उपाशी माणसे कामाच्या शोधात मुंबईकडे आली. त्यांच्यात एका तापाची साथ होती. अचानक थंडी वाजून जोराचा ताप येई, पाच-सात दिवस राही, मग एकदम घाम फुटून उतरे. रोगी बरा झाला असे वाटे. आठवडाभराने तोच ताप पुन्हा उलटे. काही रोगी पहिल्याच झटक्यात दगावत.

कार्टर तेव्हा मुंबईत परतले होते. त्यांच्याकडे गोकुळदास तेजपाल रुग्णालयाची जबाबदारी होती आणि पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. १८७७ मध्ये त्यांनी या रोग्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. रक्तपेशींच्या मधून मळसूत्रासारखे वळसे घेत वेगाने हलणारे अतिशय बारीक जंतू त्यांना दिसले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी काही वर्षांपूर्वी असेच जंतू पाहिले होते. आता ते मुंबईच्या रोग्यांतही सापडले.

कार्टर यांच्या निरीक्षणांतून दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट: ताप चढलेला असताना जंतू रक्तात दिसत, आणि ताप उतरला की दिसेनासे होत. मग ताप उलटला की पुन्हा हजर. म्हणजे मधले दिवस रोगी हिंडताफिरता असला आणि काचेवरचे रक्त स्वच्छ दिसले, तरी आजार शरीरातून गेलेला नसे.

दुसरी गोष्ट: त्यांनी रोग्याचे रक्त माकडांना टोचले. माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच जंतू दिसले. हवा, पाणी, अन्न यांपैकी कशाचाही संबंध न येता, फक्त रक्तातून आजार एका शरीरातून दुसऱ्या शरीरात गेला होता.

हे सारे काम १८८२ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे या भारतीय जंतूला कार्टर यांचेच नाव मिळाले. हा ताप अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे १९०७ मध्ये नाशिकला डॉ. मॅकी यांनी दाखवले. तेच मॅकी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले.

एक खुलासा करतो. हे मळसूत्री जंतू आजच्या वर्गीकरणात जीवाणू मानले जातात. मलेरियाचा जंतू हा खरा परजीवी, तो आपल्या लाल पेशीत शिरून तिथेच वाढतो. त्या काळी हा फरक स्पष्ट झालेला नव्हता. कार्टर यांच्यापुरते हे सगळे रक्तात राहणारे जीव होते.

हिवतापाचे जंतू

१८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हलणारे जीव दिसले. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. दलदलीतल्या दूषित हवेने हिवताप होतो ही समजूत घट्ट होती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच खराब हवा असा आहे. भारतातल्या गोऱ्या डॉक्टरांपैकी अनेकांना तर हे जंतू म्हणजे बिघडलेल्या रक्तपेशी वाटत. पुढे मलेरियावर नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनाही १८९४ पर्यंत ते पटले नव्हते.

कार्टर यांनी मात्र १८८७ मध्ये मुंबईत तापाच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यांना लाव्हेराँ यांचे जीव दिसले. १८८८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. भारतात मलेरियाचे परजीवी सर्वांत आधी ओळखून दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्याच सुमारास त्यांनी उंदराच्या रक्तातही एक बारीक मळसूत्री जंतू पाहून ठेवला. उंदीर चावल्यावर येणाऱ्या तापाशी त्याचा संबंध पुढे लागला.

१८८८ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १८९० मध्ये राणी व्हिक्टोरियाचे मानद वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी त्यांनी पुन्हा लग्न केले. दोन मुले झाली. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. कार्टर यांना डासाची भूमिका कळलीच नाही.

डासाच्याही आधी कळलेली वाट

मलेरिया म्हटले की तुम्हाला डास आठवतो. पण रक्तातून मलेरिया पसरतो, हे डासाच्या आधी सिद्ध झाले होते. १८८४ मध्ये जर्मनीत गेरहार्ट यांनी हिवतापाच्या रोग्याचे रक्त निरोगी माणसांना टोचले आणि त्यांना हिवताप आला. आजच्या नियमांत असला प्रयोग बसणार नाही, पण त्याने दिलेला इशारा खरा होता. रक्तगट कळल्यावर विसाव्या शतकात रक्त देण्याची पद्धत रुळू लागली आणि १९११ मध्ये रक्त दिल्यामुळे झालेल्या मलेरियाची पहिली नोंद झाली.

हे कसे घडते ते पाहूया. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग लाल पेशींत शिरतो. रक्ताच्या पिशवीतून येणारा परजीवी लाल पेशींत बसूनच येतो, त्याला यकृतात जायची गरज नसते. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये २ ते ६ अंश सेल्सिअसला लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. या थंडीत मलेरियाचा परजीवी लगेच मरत नाही, आठवडाभर आणि त्याहून जास्त काळही जगू शकतो. प्लेटलेट्सच्या पिशवीत थोड्या लाल पेशी उरलेल्या असतात, त्यामुळे तिथेही थोडा धोका राहतो. गोठवून ठेवलेल्या प्लाझ्मात तो जवळजवळ नसतो.

धोका कोणाला जास्त?

सुदृढ माणसाला मलेरिया झाला आणि वेळेत ओळखला, तर औषधांनी बरा होतो. पण रक्त घेणारी माणसे बहुधा सुदृढ नसतात. आपल्या परिसरातच पाहा. परळला टाटा रुग्णालयात केमोथेरपी चालू असलेले रुग्ण आहेत, वाडिया रुग्णालयात लहान मुले आहेत, केईएममध्ये अपघाताचे आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावाचे रुग्ण येतात. थॅलेसेमियाच्या मुलांना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. एका मुलाच्या अंगात वर्षभरात कितीतरी अनोळखी माणसांचे रक्त जाते, आणि प्रत्येक पिशवीबरोबर थोडी थोडी जोखीम येते.

इथे पांथरी परत येते. परजीवी शिरलेल्या लाल पेशी रक्तातून गाळून काढण्याचे मोठे काम ती करते. थॅलेसेमियाच्या काही रुग्णांची पांथरी शस्त्रक्रियेने काढावी लागते. अशा रुग्णाला मलेरिया झाला तर तो फार लवकर गंभीर होऊ शकतो.

प्रत्येक पिशवी तपासतात, मग चिंता कशाला?

भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. पैसे घेऊन रक्त विकण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. म्हणजे मलेरियाची तपासणी होतेच. पण तिला मर्यादा आहे, आणि ती साध्या गणितातून समजते.

झटपट निदान करणाऱ्या पट्टीला परजीवी सापडण्यासाठी एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १०० ते २०० परजीवी असावे लागतात. काचपट्टीवर अनुभवी तंत्रज्ञाला याहून कमीही दिसतात, सुमारे ५० पर्यंत. आता एका रक्तदात्याच्या रक्तात मायक्रोलिटरला फक्त २० परजीवी आहेत असे धरा. त्याला ताप नाही, काहीही त्रास नाही. पट्टीवर बहुधा काहीच उमटणार नाही. पण ३५० मिलिलिटरच्या पिशवीत साडेतीन लाख मायक्रोलिटर असतात. २० ने गुणा. त्या पिशवीत ७० लाख परजीवी असतील.

बरे वाटणाऱ्या माणसाच्या रक्तात परजीवी राहतात तरी कसे? ज्या भागात मलेरिया वारंवार होतो तिथल्या लोकांत थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. परजीवी थोडे राहतात आणि ताप येत नाही. आपल्या राज्यात गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मलेरिया जास्त आहे. तिथून आलेला माणूस पूर्ण निरोगी दिसू शकतो. व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात येतात. मलेरी नावाची एक दुर्मिळ जात तर रक्तात कितीतरी वर्षे टिकू शकते. दीडशे वर्षांपूर्वी कार्टर यांनी दुसऱ्या एका तापात हेच पाहिले होते: ताप नाही आणि काच स्वच्छ आहे, एवढ्यावरून माणूस रोगमुक्त ठरत नाही.

म्हणून तपासणीच्या आधी प्रश्न विचारतात. यंत्राला जे सापडत नाही ते तुमच्या आठवणीत असते. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मलेरियातून पूर्ण बरे झाल्यानंतर तीन महिने रक्तदान करायचे नसते.

रक्तदाता म्हणून तुम्ही काय कराल?

- गेल्या काही महिन्यांत थंडी वाजून ताप आला होता का, रक्ततपासणीत मलेरिया निघाला होता का, हे आठवून खरे सांगा. नक्की आठवत नसेल तर तसेच सांगा. डॉक्टर पुढे काय करायचे ते ठरवतील.
- गावी, जंगलात किंवा मलेरिया असलेल्या भागात नुकतेच राहून आला असाल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगा.
- शिबिराच्या दिवशी अंगात कणकण असेल तर गोळी घेऊन ताप दाबून रक्त द्यायला जाऊ नका.
- व्हायवॅक्स मलेरिया झाला असेल तर प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करा. तीन-चार दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये राहतात, असे माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मी दर पावसाळ्यात पाहतो. यकृतात झोपलेले परजीवी मारणारे औषध तेच असते. गरोदर स्त्रियांनी आणि जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांनी ते घ्यायचे नसते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.
- घरी गेल्यावर काही आठवले, किंवा एक-दोन दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला लगेच फोन करा. तुमच्या पिशवीवर क्रमांक असतो. ती वापरली गेली नसेल तर बाजूला काढता येते.

रक्तदानासाठी नाकारले गेल्यास अपमान वाटून घेऊ नका. तीन महिन्यांनी परत या. रक्ताची गरज तेव्हाही असेलच.

मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी

गणेशोत्सव आणि मुंबईतला मलेरियाचा हंगाम साधारण एकाच वेळी येतो. त्याच दिवसांत डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणीही वाढते. शिबिरात किती पिशव्या जमल्या हे फलकावर लावण्याची चढाओढ असते. त्या नादात अर्ज घाईने भरून घेतले जाऊ नयेत. डॉक्टरांना दात्याशी बोलायला आडोसा द्या. चार लोकांसमोर कोणी आजार सांगत नाही. किती जणांना डॉक्टरांनी परत पाठवले, हेही चांगल्या शिबिराचे लक्षण आहे. आणि जमल्यास एक शिबिर पावसाळा संपल्यानंतर, किंवा नातेवाईक गावी गेल्यामुळे दाते मिळत नाहीत अशा मे महिन्यात घ्या.

रक्त घेतलेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

- रक्त मान्यताप्राप्त रक्तपेढीतूनच घ्या. जे. जे. महानगर रक्तपेढी, केईएम, नायर, टाटा अशा अनेक रक्तपेढ्या आपल्या आसपास आहेत.
- रक्त ओळखीच्या माणसाचे आहे म्हणून ते आपोआप सुरक्षित ठरत नाही. नातेवाईक भीडेपोटी आजार लपवण्याची शक्यता असते.
- रक्त दिल्यानंतर साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिराही, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोणत्या तारखेला, कुठे, किती पिशव्या रक्त मिळाले ते सांगा. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. शस्त्रक्रियेनंतरचा ताप म्हटला की लक्ष जखमेकडे जाते आणि मलेरियाची तपासणी राहून जाऊ शकते.
- मलेरिया निघाला तर रक्तपेढीला कळवायला सांगा. त्याच दात्याच्या रक्ताचे इतर घटक आणखी कोणाला दिले गेले असतील. शिवाय दात्यालाही उपचारांची गरज असते. रक्तामुळे झालेल्या त्रासांच्या नोंदीसाठी देशात २०१२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे.

रक्तातून आलेल्या मलेरियात परजीवी यकृतात झोपून राहत नाहीत, त्यामुळे बहुधा प्रायमाक्विनचा लांब कोर्स लागत नाही. उपचार कोणता, हे मात्र जात आणि रुग्णाची अवस्था पाहून डॉक्टरच ठरवतात.

इतर परजीवींचे काय?

काळा आजार बिहार, झारखंड या भागांत आढळला आहे. तो पूर्वी झालेल्या माणसाने कायमचे रक्तदान टाळायचे असते. हत्तीरोगाच्या कृमींची पिल्ले रक्तातून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतात, पण डासाच्या शरीरातून गेल्याशिवाय ती मोठी होत नाहीत. त्यामुळे रक्त घेणाऱ्याला हत्तीपाय होत नाही, ॲलर्जीचा त्रास मात्र होऊ शकतो. दक्षिण अमेरिकेतला शागास आजार आणि अमेरिकेतला बॅबेसिया हेही रक्तातून पसरतात, म्हणून तिथे त्यांच्या चाचण्या होतात. तुमचा मुलगा किंवा मुलगी तिकडे राहून आली असेल, तर रक्तदानाआधी तसे सांगावे.

आणि मूळ उपाय

रक्तदात्यांतला मलेरिया कमी झाला की पिशवीतला मलेरियाही कमी होतो. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी केली, तेव्हा त्यांचे बोट शहरातल्या विहिरींकडे होते. मलेरियाचा शहरी डास स्वच्छ पाण्यात वाढतो. आज विहिरी कमी उरल्या आहेत. गच्चीवरच्या टाक्या आहेत आणि गिरण्यांच्या जागी उठणाऱ्या इमारतींच्या तळघरांत साचलेले पाणी आहे. सोसायटीच्या टाकीला घट्ट झाकण आहे की नाही, हे या रविवारी वर जाऊन पाहा.

कार्टर यांच्याकडे ना चाचणीच्या पट्ट्या होत्या, ना रक्तपेढी, ना मलेरियावर क्विनीनपेक्षा वेगळे खात्रीचे औषध. त्यांच्याकडे रुग्णाच्या बोटातला एक थेंब होता आणि तो पुन्हा पुन्हा पाहण्याची चिकाटी होती. आपल्याकडे आज साधने बरीच आहेत. त्यांतले एक, रक्तदात्याचे खरे उत्तर, कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ते तुम्हीच देऊ शकता.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. ताप, रक्तदान किंवा औषधांबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*